चार ते सात, पाच ते आठ

माझ्या लग्नासाठी ठरवलेल्या हॉलवाल्या बाईंनी टेबलावरून पुढे सरकवलेला कागद माझ्याआधी माझ्या मुलीने उचलला. छापील कागद समोर आला की आधी तिने वाचायचा आणि मग मी, असं आमच्या घरात केव्हा ठरलं ते आता आठवत नाही. विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, शाळेच्या सूचना, सगळं तिच्या नजरेखालून जातं. तिने ओळींवर बोट ठेवत मोठ्याने वाचलं. "फुलं उधळत पुढे चालणारी मुलगी, वय चार ते सात. अंगठ्यांची उशी घेऊन येणारा मुलगा, पाच ते आठ. नवरीबरोबर उभ्या राहणाऱ्या बहिणी किंवा मैत्रिणी, सोळाच्या पुढे." मग तिने कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "मी यात कुठेच नाही," ती म्हणाली. वेळापत्रकात आपली बस नाही हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि माझी पर्स उघडून आत ठेवून दिला. हॉलवाल्या बाई गडबडल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. "अकरा म्हणजे जरा अधलंमधलं वय हो," त्या मला म्हणाल्या, "उंची येते, हातपाय लांब होतात, फोटोत तोल जातो. मनाला लावून घेऊ नकोस हं, बाळा." बाळा म्हणायला नको होतं. "मी बाळ नाही," माझी मुलगी म्हणाली, "आणि मनाला लावून घेतलेलं नाही. पुढे काय?" तिला घरात सगळे फौजदार म्हणतात ते उगाच नाही.

पुढे बाईंनी खुर्च्या किती, पडदे कुठले, दार किती वाजता उघडणार ते सगळं सांगितलं. मी मान हलवत होते, पण माझं लक्ष उडालेलं होतं. वयाचा हिशेब मला कोणी शिकवावा? मी इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर मुलांचे कान तपासते. एकोणीस वर्षं तेच करते आहे. भिंतींना जाड फोम लावलेली एक खोली, तिला दुहेरी काच, काचेच्या आत मूल आणि बाहेर मी. मुलाच्या कानांवर हेडफोन, हातात लाकडी ठोकळा, पुढ्यात डबा. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, एवढाच खेळ. दोन वर्षांचं मूल ठोकळा तोंडात घालतं. तीन वर्षांचं सगळे ठोकळे एकदम ओततं आणि शाबासकीची वाट बघतं. चार-साडेचारचं थांबायला शिकलेलं असतं, पण थांबताना त्याचा श्वाससुद्धा थांबतो. सात वर्षांच्याला खोटं बोलता येतं. आवाज आलेला नसला तरी माझा हात हलला की ते ठोकळा टाकतं, कारण त्याला मला खूश करायचं असतं. म्हणून मी हात टेबलाखाली ठेवते. मूल दारातून आत आलं की केसपेपर न बघता मी वय सांगते आणि दोन महिन्यांपलीकडे चुकत नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी कधी लपवला नाही. पण अकरा वर्षांच्याला ठोकळे देत नाहीत. त्याला बटण देतात, मोठ्या माणसांना देतात तसंच. ते आत बसतं, बटण दाबतं, निकाल घेतं, घरी जातं. एकोणीस वर्षांत अकराच्या मुलांकडे मी कधी निरखून पाहिलेलंच नाही, हे त्या टेबलाशी बसल्या बसल्या मला जाणवलं. शेजारी बसलेली ही लांब बोटांची मुलगी पडद्यांच्या नमुन्यांवरून हात फिरवत होती, आणि ती या क्षणी काय ऐकते आहे हे मला सांगता आलं नसतं.

घरी चालत आलो. ती पुढे आणि मी चार पावलं मागे, कारण फुटपाथ अरुंद होता आणि एका दुकानदाराने अर्ध्यावर शिड्या मांडून ठेवल्या होत्या. मला हे असं लग्न का हवं होतं, फुलं, उशी, पुढे मुलं, मागे मी? एक्केचाळिसाव्या वर्षी? ताईने हे मला तोंडावर विचारलं होतं. "दोन सह्या करा आणि मोकळे व्हा की," ती म्हणाली होती. दोन सह्या मी एकदा केल्या होत्या. सरकारी कचेरीतली एक खोली, टेबलाला दोरीने बांधलेलं पेन, एक साक्षीदार माझ्या पहिल्या नवऱ्याचा मित्र आणि दुसरा कुठल्याशा दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला अनोळखी माणूस, ज्याने सही करून "चला, माझा नंबर जाईल" असं म्हणून काढता पाय घेतला. सात मिनिटं लागली. माझ्या पायात इस्पितळातले पांढरे बूट होते, कारण दुपारी ड्यूटी होती. आईला महिन्याने कळलं. पुढे मुलगी झाली, आणि ती दीड वर्षाची असताना तिचा बाप गेला. भांडून नाही, बदली होऊन. बदलीच्या गावाहून तो परत आलाच नाही. त्यानंतरची साडेनऊ वर्षं आम्ही दोघींनी काढली, आणि ती वाईट गेली असं मी कोणाला म्हणू देणार नाही. सुट्टीत ती माझ्या खोलीतच असायची, काचेच्या या बाजूला, माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर. सहा वर्षांची असताना तिने मला कुजबुजत सांगितलं होतं, "आई, हा मुलगा ढोंग करतोय." आणि तो खरंच करत होता.

नकाशे तिथेच भेटला. त्याला नकाशे हे नाव फौजदारनेच ठेवलं. तो जमीनमोजणीच्या खात्यात नकाशे काढतो. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता, आणि मी दार उघडून पाहिलं तेव्हा मुलगी बाकावर एकटी पाय हलवत बसलेली आणि हा भिंतीवरच्या आराखड्याला नाक लावून उभा. आग लागली तर कुठून पळायचं ते दाखवणारा आराखडा. "यात जिना चुकीच्या बाजूला दाखवलाय," तो मला म्हणाला, "माणसं भिंतीवर जाऊन आदळतील." तो आराखडा अकरा वर्षं तिथे होता. भाचीचे कान उत्तम निघाले. पुढच्या आठवड्यात तो नवा आराखडा घेऊन आला, स्वतः काढलेला, आणि मग तो लावायला परवानगी मिळाली का ते विचारायला आला, आणि मग काही न विचारायलाच आला. फौजदारने त्याला वर्षभर तोलून पाहिलं आणि एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "अहो नकाशे, तुम्ही इथेच राहायला आलात तर माझी हरकत नाही, पण माझ्या टेबलावर कागद पसरायचे नाहीत."

म्हणूनच त्या दिवशी घरात पाऊल टाकताच, ती बुटांच्या नाड्या सोडत असताना, मी म्हणून गेले, "मुलं तू निवड. फुलांची आणि अंगठीची. मला वेळ नाही, आणि तुझ्याइतकं कोणाला जमणार नाही." ती लाच होती. म्हणतानाच मला कळत होतं की ती लाच आहे, यादीतून गळलेल्याला यादी करायला बसवावं तशी. तिने मान वर करून माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग म्हणाली, "मी निवडलेली चालतील? नंतर बदलायची नाहीत." मी म्हटलं, चालतील. "मावशीने सांगितलं तरी?" मी म्हटलं, तरी. तिने ते काम म्हणून घेतलं. दुसऱ्याच दिवशी वहीत चार नावं आली, नावांपुढे वर्षं आणि महिने.

रविवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात तिने परीक्षा ठेवली. सोफ्यावरची चौकोनी उशी, तिच्यावर नकाशेने आणून दिलेले लोखंडी नट दोन, आणि फुलांऐवजी रंगीत कागदाचे तुकडे भरलेला डबा. आली चार मुलं: नकाशेच्या बहिणीची भिंगरी, म्हणजे तीच कान तपासलेली, आता साडेचार वर्षांची, तिचा आठ वर्षांचा भाऊ, दिसायला राजबिंडा, खालच्या मजल्यावर चष्म्याचं दुकान आहे त्या चष्मेवाल्याचा सहा वर्षांचा मुलगा, जाड भिंगांचा, शब्द मोजून बोलणारा, आणि ताईचा नातू, ज्याला ताईने बो बांधून, केस चापूनचोपून बसवून आणलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात भांडं पुसत उभी होते, म्हणजे एकच भांडं पुन्हा पुन्हा पुसत होते. नातवाने डबा हातात येताच जागच्या जागी उपडा केला आणि टाळ्या वाजवल्या. सगळे हसले. फौजदार हसली नाही. तिने खाली बसून त्याच्याबरोबर एकेक तुकडा गोळा केला, त्याच्या गालावर बोट टेकवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. ताईने ते पाहिलं. "काय लिहिलंस गं?" "मावशी, तो अजून तीनचा आहे." "तीन वर्षं दोन महिने! आणि दिसतो चारचा!" "दिसतो. पण थांबत नाही." ताईचा आवाज चढला. "तुझा भाचा आहे ना तो?" "म्हणून तर," फौजदार म्हणाली, "भाच्याला दीडशे माणसांसमोर रडवू का?" ताई तरातरा माझ्याकडे आली. "पोरीला फार डोक्यावर चढवून ठेवलंयस." मी म्हटलं, "चढवलं कुठे, ताई? तिची उंचीच तेवढी आहे." हे मी हळू म्हणायला हवं होतं, पण हळू म्हटलं नाही.

राजबिंडा मुलगा फार छान चालला. पाठ ताठ, पावलं सावकाश, नट जरासुद्धा हलले नाहीत. मला वाटलं, संपलं, हाच. तिने त्याला धन्यवाद दिले आणि त्याच्या आईजवळ जाऊन सांगितलं, "आत्या, हा उशीकडे बघत नाही. आपल्याला कोण बघतंय ते बघतो." नकाशेची बहीण, माझी होणारी नणंद, मोकळी बाई आहे, ती खो खो हसली आणि म्हणाली, "अगदी बापावर गेलाय." मग चष्मेवाल्याच्या मुलाची पाळी. तिने त्याच्या हातात उशी दिली. "मी हो म्हणेपर्यंत निघायचं नाही." आणि ती आत आली, माझ्याजवळून, माठातलं पाणी घेतलं, सावकाश प्यायली, ग्लास विसळून ठेवला. बाहेर तो मुलगा उभा. नाकावरून चष्मा घसरायला लागला. हात अडकलेले. त्याने नाक वर उचलून, भुवया ताणून चष्मा जागेवर आणायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि मग त्याने तो नाद सोडला आणि दिसेल तेवढ्या अंधुक जगाकडे बघत शांतपणे उभा राहिला. फौजदार बाहेर गेली, त्याच्यासमोर उभी राहिली, आणि तरीही हो म्हणाली नाही. तेव्हा मला दिसलं की तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आहेत. तिची बोटं हलली असती तर तो निघाला असता. हे मी तिला कधी शिकवलेलं नव्हतं. टेबलाखालचे माझे हात तिने स्टुलावरून पाहिले असणार, कितीतरी वर्षांपूर्वी, काही न विचारता. माझा ऊर भरून आला; इतका की मला हातातलं भांडं ओट्यावर ठेवावं लागलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला दोन मानपत्रं मिळाली आहेत. त्या व्हरांड्यात, त्या पाठीमागे गुंफलेल्या लांब बोटांकडे बघताना मला जे वाटलं त्याच्यापुढे ती दोन्ही कागदच. "हो," ती म्हणाली, आणि मुलगा चालू लागला.

अशी दोघं ठरली. भिंगरी फुलांना, चष्मेवाल्याचा मुलगा अंगठ्यांना. हॉलवाल्या बाईंनी चष्म्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फौजदारकडे बघून त्यांनी तो विचारच सोडून दिला असावा. गुरुवारी दुपारी हॉलमध्ये तालीम होती. नकाशेने हॉलचा नकाशा मापात काढून आणला होता, दारापासून टेबलापर्यंत भिंगरीची बेचाळीस पावलं, माझी सव्वीस. ठिपक्याठिपक्यांच्या रेषेवर त्याने मला दाखवलं होतं, आणि माझ्या शेजारी दुसरा एक लहान ठिपका. "हा काय?" मी विचारलं. तो लाजल्यासारखा झाला. "फौजदार. तुझा हात धरून येईल. मी जागा ठेवलीय." हॉलवाल्या बाईंनी हात जोडले. "अगं बाई, किती छान! याला वयाची काही अटच नाही. मला कसं नाही सुचलं?" आणि मला तरी कसं नाही सुचलं? तिघांचे चेहरे उजळले आणि आम्ही वळून तिच्याकडे पाहिलं. ती भिंगरीच्या बुटाचं बक्कल लावत होती. "नको," ती म्हणाली. "मी बसणार आहे. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर." "का गं?" "मला बघायचंय." आणि तिने दुसरं बक्कल लावायला घेतलं.

नकाशेने खिशातून खोडरबर काढून तो ठिपका पुसला. पुसताना त्याने कागद दुसऱ्या हाताने इतका हळू दाबून धरला होता की मला त्याच्यापेक्षा माझंच वाईट वाटलं.

बघायचंय. पुढचे दोन दिवस तो शब्द माझ्या डोक्यात वाजत राहिला. इस्पितळात मी बटण फिरवत होते, सूर सोडत होते आणि आतल्या मुलाने ठोकळा टाकला की नाही ते माझ्या ध्यानात येत नव्हतं. एका बाईच्या मुलाची तपासणी मला पहिल्यापासून करावी लागली आणि मी तिला यंत्र बिघडलंय असं सांगितलं. बघणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी बघते ती काचेच्या बाहेरून. आतलं माणूस रडलं, घाबरलं, तरी मी हात टेबलाखाली ठेवते आणि नोंद करते. अशीच बसणार होती का ती, पहिल्या रांगेत, माझी नोंद करत? आमच्या दोघींच्या घरात तिसरा माणूस आणते आहे मी, आणि तिने हरकत नाही असं म्हटलं होतं. हरकत नाही म्हणजे हवंय असं थोडंच. नऊ वर्षांची असताना तिने एकदा विचारलं होतं, "बाबा गेले तेव्हा मी काय करत होते?" मी खरं ते सांगितलं, "झोपली होतीस." ती म्हणाली, "म्हणजे मी बघितलंच नाही." तेव्हा मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि विषय बदलला होता. आता इस्पितळाच्या जिन्यात, नव्या आराखड्यासमोर उभी राहून मी ते वाक्य उलटंसुलटं करून पाहत होते. एक जाताना दिसला नाही, म्हणून दुसरा येताना पाहायचाय? की मी जाताना? मला वाटलं ती मला निरोप देणार आहे, त्या कडेच्या खुर्चीवरून, ताठ बसून, आणि सगळं चुकतंय, सगळंच चुकतंय. मी चार पायऱ्या उतरले आणि पुन्हा वर आले, कारण पर्स वरच राहिली होती.

शनिवारी सकाळी माझ्या लग्नाच्या पोशाखाची कड उसवून लांब करायची होती. मी स्टुलावर उभी, ती खाली जमिनीवर, दातांत टाचण्या धरून. वरून मला तिचा भांगच दिसत होता, सरळ, पट्टीने काढल्यासारखा. तोंड दिसत नसलं की विचारणं सोपं जातं. "तुला नकाशे आवडत नाहीत का गं?" तिने दातांतल्या टाचण्या काढल्या. "आवडतात. का?" "मग माझ्याबरोबर चालायला का नको?" "त्याचा काय संबंध?" "संबंध कसा नाही? सगळ्यांना वाटलं की..." "आई, हलू नकोस, कड वाकडी होतेय." मी स्थिर झाले. ती टाचण्या लावत राहिली, आणि लावता लावताच बोलली, तिच्या नेहमीच्या आवाजात. "तुझा हात धरून चालले तर मला तू दिसणार कशी? शेजारचं माणूस दिसत नाही. हात दिसतो नुसता." थोड्या वेळाने म्हणाली, "मी तिसरीत नाटकात डॉक्टर झाले होते ना, तेव्हा तू उशिरा आलीस." त्या दिवशी तीन तातडीच्या तपासण्या आल्या होत्या. मी धावत शाळेत पोचले तेव्हा पडदा पडला होता आणि मुलं रांगेने बाहेर येत होती, हिच्या गळ्यात अजून पुठ्ठ्याचा स्टेथोस्कोप. "मी किती वेळा म्हटलं तुला, मला माफ..." "तसं नाही गं. मला राग नाही आला. तू घरी आल्यावर मी सगळं नाटक तुला परत करून दाखवलं, आठवतं? पण तेव्हा मला कळलं की दुसऱ्याला सगळं नीट दिसतं. आपण करत असतो ना, आपल्याला नाही दिसत. मी घरी करून दाखवलं ते सगळं वेगळंच झालं असणार, खरं काय झालं ते मला माहीतच नाही." तिने शेवटची टाचणी लावली, मागे सरकली, एक डोळा मिटून कड पाहिली. "आता तुझ्या लग्नात सगळ्यांना काम आहे. मावशी पाहुण्यांकडे बघणार. नकाशे घामाघूम होऊन उभे राहणार. हॉलवाल्या बाई घड्याळाकडे बघणार, फोटोवाला कॅमेऱ्यात. मग तुला बघणार कोण?"

मी स्टुलावरून उतरले नाही. उतरवेना. इतके दिवस मी तिच्यासाठी जागा शोधत होते. फुलांच्या मागे, उशीच्या बाजूला, ठिपक्याच्या शेजारी, कुठे ना कुठे तिला बसवायचं, तिचं वय कसंबसं मावेल अशी फट शोधायची. आणि तिने त्या कागदाच्या चार घड्या घातल्या त्या दिवशीच स्वतःची जागा ठरवून टाकली होती. तिला ती कोणी द्यावी लागली नाही. मी म्हटलं, "खुर्ची कडेचीच हवी?" "हो. मधल्या खुर्चीवरून खांब आड येतो. मी बसून बघितलंय."

लग्नाच्या दिवशी दुपारी दार उघडलं तेव्हा मला पहिल्यांदा काही दिसलंच नाही, सगळी डोकी होती. मग कडेची खुर्ची दिसली. ती बसलेली होती, पाठ टेकवून नाही, गुडघ्यांवर हात ठेवून, मान वळवून. भिंगरी निघाली. एकेक पाकळी, तालमीत शिकवली तशी, एक पाऊल, एक पाकळी. मागे चष्मेवाल्याचा मुलगा. त्याच्या चष्म्याला आज मागून नाडी बांधलेली. मागे मी. हॉल अर्धा ओलांडला असेल आणि भिंगरी थांबली. तिने वळून आपण टाकलेल्या पाकळ्यांकडे पाहिलं, चेहरा कसनुसा झाला, आणि ती खाली बसली. बसली आणि पाकळ्या परत गोळा करू लागली. "सांडली," ती म्हणाली, अगदी स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी. उशी घेतलेला मुलगा जागच्या जागी उभा राहिला. कोणीतरी हसलं. हॉलवाल्या बाई खांबाआडून फौजदारला खुणा करू लागल्या, हातवारे, भुवया; ताई मान लांब करून तिच्याकडे बघू लागली; माझी नणंद अर्धवट उठली. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता, कारण तिने निवडलेली, तिने शिकवलेली मुलं ती. मीही पाहिलं. मला ठाऊक होतं, आता ही उठणार, येणार, दोन मिनिटांत सगळं ठीकठाक करणार. ती उठली नाही. तिने भिंगरीकडे पाहिलं नाही, बाईंकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर काळजीची एक रेघ नव्हती. पुढे मी काय करते ते बघायला ती बसली होती, आणि मी काहीतरी करेन याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

असा विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला असेल असं मला वाटत नाही. माझ्या आईने नाही, मी स्वतःही नाही. मी पोशाख गुडघ्यांपाशी गोळा केला, सरळ जमिनीवर बसले, आणि भिंगरीबरोबर पाकळ्या गोळा करू लागले. दीडशे माणसं बघत होती आणि मला त्यांचं काही वाटलं नाही. ओंजळभर झाल्यावर मी तिला विचारलं, "आता पुरे?" तिने विचार करून मान डोलावली. मी तिला कडेवर घेतलं, डबा तिच्या मांडीवर दिला, आणि दुसऱ्या हाताने चष्मेवाल्याच्या मुलाच्या पाठीला हलकासा आधार दिला. तसे आम्ही तिघं निघालो. ती साडेचार वर्षांची मुलगी चांगलीच जड होती. नवी कड माझ्या टाचेत अडकत होती, केसांतून काहीतरी सुटून खांद्यावर आलं होतं, आणि भिंगरी आता माझ्याच डोक्यावर पाकळ्या टाकत होती, एक पाऊल, एक पाकळी. मी मान ताठ ठेवली. अशी ताठ मी आयुष्यात कधी चालले नव्हते. समोर नकाशे उभा होता, घामाघूम, आणि डोळे पुसत होता, आणि त्याला आपण पुसतोय हे कळत नव्हतं.

सह्या झाल्या, अंगठ्या झाल्या, माणसं भेटून गेली. ताईने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "माझा नातू असता तर अख्खा डबा तुझ्या डोक्यावर ओतला असता. बरं केलं पोरीने." संध्याकाळ व्हायच्या आत मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि बूट काढून खुर्चीवर बसले. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. फौजदार आत आली. तिचे डोळे लालबुंद झाले होते. "रडलीस?" मी विचारलं. "नाही. न मिटल्यामुळे झालेत. मधे शिंक आली होती, तीसुद्धा दाबली." तिने दुसरी खुर्ची ओढली, माझ्या अगदी समोर ठेवली, आणि माझे दुखरे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. मला एकाएकी लक्षात आलं की मला काहीच आठवत नाहीये. दार, डोकी, एक जड मूल, एक घामेजलेला माणूस. बाकी सगळं धूसर. "कसं झालं गं?" मी म्हटलं. "खरं सांग."

तिने पाठ सरळ केली, घसा खाकरला. "पहिल्यापासून सांगू?"

"पहिल्यापासून."

"दार उघडलं," ती म्हणाली, "तेव्हा तू डावा पाय आधी टाकलास..."